चराची कॅसेट

आमच्या घरात एक कॅसेट होती. वीस-बावीस वर्षं सगळ्यांनी तिची चेष्टा केली. तिचे उपकार कसे फेडायचे ते मला माहीत नाही, म्हणून निदान नीट लिहून तरी ठेवते.

माझं सासर कोरेगावजवळच्या एका गावात. तिघे भाऊ आणि एक बहीण. थोरले दीर शेती बघतात. माझे यजमान मधले. लग्नाआधीपासूनच ते सांगलीला नोकरीत, त्यामुळे आमचं बिऱ्हाड कायम सांगलीत. धाकटे दीर फौजेत होते, आता निवृत्त होऊन साताऱ्यात राहतात. सासऱ्यांना सगळे आबा म्हणत. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. मी एका महाविद्यालयाच्या कार्यालयात काम करते. कामं कागदावर मांडून एकेक खोडत जाण्याची सवय मला तिथं लागली आणि ती घरातही आली. यजमान म्हणतात, आमच्या घरात देवाच्या आरतीलासुद्धा अनुक्रमांक असतो.

धाकट्या दिरांनी कॅन्टीनमधून कॅमकॉर्डर आणला, तो नणंदेच्या लग्नासाठी. हातात मावणारा, बाजूला छोटा पडदा उघडणारा, आत काड्यापेटीपेक्षा थोडी मोठी कॅसेट. गावात तेव्हा असलं काही नव्हतं. त्यांनी दोन कॅसेट आणल्या होत्या. पण त्याच सुट्टीत आबांनी नदीपासून वरच्या रानापर्यंत पाइपलाइन टाकायला घेतली होती, आणि फौजीनं एका कॅसेटचा निम्मा भाग त्या पाइपलाइनच्या चरावर घालवला. नदीपासून वरपर्यंत चालत, चर दाखवत, मध्येच थांबून चारी बाजूंना कॅमेरा फिरवत. परिणाम असा झाला, की दुसरी हळदीतच भरली, आणि लग्नात अंतरपाट धरला, भटजींनी मंगलाष्टकं सुरू केली आणि ही कॅसेट संपली. नणंदेच्या लग्नाच्या चित्रीकरणात नवरा-नवरी अजूनही एकमेकांना दिसलेले नाहीत.

तिनं ते कधीच विसरू दिलं नाही. दर राखीपौर्णिमेला ओवाळताना म्हणायची, "माझ्या डोक्यावर अक्षता पडल्या त्या कुणी बघितल्या न्हाईत, पर आमच्या चराचं लगीन मात्र झोकात झालं." थोरले दीरही सोडायचे नाहीत. कुणी पाहुणे आले, की सांगायचे, "आमचा फौजी लय मोठा डायरेक्टर हाय. खड्डं शूट करतोय."

गेल्या उन्हाळ्यात वरच्या रानातला ऊस वाळायला लागला.

मोटार चालू होती. नदीच्या बाजूला एक जोड उकलून बघितला, तर पाणी जोरात. वरच्या तोंडाला मात्र करंगळीएवढी धार. मधला सगळा पाइप शेजाऱ्याच्या रानातून येतो. नदीकडची जमीन त्यांची, तिच्या कडेला आमची एक कोरडवाहू पट्टी; पाइप आबांनी शेजाऱ्यांच्या वडलांची परवानगी घेऊन पुरलेला. म्हणजे बिघाड शेजाऱ्याच्या रानात, हे नक्की. पण कुठं? रान वरून कोरडं ठणठणीत. कुठं ओल नाही, कुठं दलदल नाही. एवढं पाणी जमिनीत जिरत होतं कुठं, कुणालाच कळेना. पाइपलाइन टाकली तेव्हा थोरले दीर पाय मोडून घरात पडून होते, त्यामुळे मधल्या खाणाखुणा त्यांनाही माहीत नव्हत्या. माहीत होत्या त्या आबांना.

शेजाऱ्यांनी नुकतंच आलं लावलेलं. गादीवाफे, ठिबकच्या नळ्या, कोंब जेमतेम वर आलेले. आल्याला किती खर्च येतो हे आमच्या भागात कुणाला सांगावं लागत नाही. तरी माणूस भला. थोरल्या दिरांना म्हणाले, "आबानं माझ्या बापाला इचारून पाइप टाकलाय, मी न्हाई म्हणनार न्हाई. पर एकच खड्डा. कुठं घ्यायचा त्यो घ्या. दुसरा न्हाई."

त्या दिवशी दुपारी थोरल्यांचा फोन आला. आमच्याकडे फोन टेबलावर ठेवून, आवाज मोठा करून बोलायची पद्धत आहे, म्हणजे एकच गोष्ट दोनदा सांगावी लागत नाही. साताऱ्याहून फौजीलाही जोडून घेतलं. थोरले एरवी मोठ्या आवाजात बोलणारे, पण त्या दिवशी आवाज खोल गेला होता.

"आठ-दहा दिसांत पानी न्हाई मिळालं, तर ऊस गेला म्हनायचा," ते म्हणाले. "आन् खड्डा एक. अंदाजानं मारला आन् चुकला, तर त्या मानसाला पुन्हा तोंड कसं दावू?"

"दादा, मी येतो. रान हिंडून रेकी करू," फौजी म्हणाले.

"कसली रेकी करतोस? सगळं रान बदललंय. लिंब तोडला, बांध सरकला. आता तुझ्या त्या चराच्या कॅसेटीतच बघ, सापडतंय का!"

टोमणाच होता तो. यजमान हसले, फौजीही हसले. मी हसले नाही, कारण माझ्या हातात पेन होतं आणि "कॅसेट" हा शब्द मी आधीच लिहिला होता.

"भाऊजी, ती कॅसेट कुठं आहे?" मी विचारलं.

फौजी म्हणाले, "वहिनी, ट्रंकेत हाय. कॅमेऱ्यासकट."

तिथून पुढचं काम माझं होतं. लॅपटॉपला त्या कॅमेऱ्याची वायर लागत नाही, हे पहिल्या तासातच कळलं. कॅमेऱ्याला जे बारीकसं भोक असतं, ती जोडणी हल्लीच्या संगणकांना नसतेच. नुसत्या पडद्यावर बघून काम होणार नव्हतं. चित्र थांबवून, मोठं करून, कागदावर छापून रानात न्यायला हवं होतं, म्हणजे संगणकात उतरवायलाच हवं. मी सांगलीतली दुकानं फोनवर पालथी घातली. कुणी म्हणालं पुण्याला पाठवा, कुणी म्हणालं महिना लागेल. शेवटी गावभागातल्या एका फोटो स्टुडिओचे मालक म्हणाले, "जुना कॉम्प्युटर आहे माझ्याकडे. लग्नांच्या शूटिंगचा. बायको दर दिवाळीला भंगारात काढायला सांगते. उद्या सकाळी या."

मी त्यांचे फोनवरच तीनदा आभार मानले. चौथ्यांदा मानायला लागले तसे म्हणाले, "अहो बाई, आधी चालू तर होऊ दे."

फौजी दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं साताऱ्याहून आले. कॅमेरा मांडीवर घेऊन. पिशवी उघडली आणि मी बघतच राहिले. कॅमेरा पिवळ्या फडक्यात गुंडाळलेला, ओल धरू नये म्हणून औषधाच्या बाटल्यांत येतात तसल्या पुड्या कोपऱ्यांत ठेवलेल्या, चार्जर वेगळा, वायर गुंडाळून दोऱ्यानं बांधलेली. दर पावसाळ्यानंतर ते सगळं उन्हाला दाखवून परत ठेवायचे म्हणे. सगळ्यांनी चेष्टा केलेली वस्तू त्यांनी इतकी वर्षं जपली होती, आणि मी त्यांना कधी एका शब्दानं विचारलं नव्हतं.

बॅटरी अर्थातच गेलेली. पण स्टुडिओत चार्जरवर कॅमेरा सुरू झाला. फौजी कॅसेट घालून सुरुवात बघायला लागले, तसे स्टुडिओवाले ओरडलेच, "थांबा, थांबा! बघायचं नाही."

"का?"

"जुनी टेप आहे. एकदा फिरेल याची खात्री आहे, दुसऱ्यांदा फिरेल याची नाही. अडकली, चुरगळली, तर संपलं. म्हणून पहिल्यांदा फिरेल तेव्हाच आत घ्यायची. बघणं आणि उतरवणं एकदमच."

यजमान माझ्याकडे बघून म्हणाले, "हितंबी एकच खड्डा."

स्टुडिओवाल्यांनी हेड साफ करायची एक कॅसेट आधी फिरवली, वायर जोडली, संगणक सुरू केला. तो सुरू व्हायला इतका वेळ घेत होता, की त्यांनी तेवढ्यात चहा मागवला. मग आमची कॅसेट आत गेली, झाकण खटकन बसलं, आणि पडद्यावर निळा रंग, मग चौकोन चौकोन तुटलेलं काहीतरी. फौजींनी हात जोडले. मी नाही जोडले, मी वायर धक्क्यानं निघणार नाही ना ते बघत होते.

चौकोन विरघळले आणि नदी दिसली.

तासाची कॅसेट उतरवायला तासच लागतो. पुढं पळवता येत नाही. मला हे आधी वेळखाऊ वाटलं होतं. आता वाटतं, बरं झालं. मी एकटीनं ते केलं असतं, तर फक्त हवा तेवढा भाग शोधून बाकीचं सोडून दिलं असतं. तिथं आम्ही चौघे लोखंडी खुर्च्यांवर बसून चर बघत राहिलो, आणि दोन-चार मिनिटांत चरात आबा आले.

धोतर गुडघ्यापर्यंत, अंगात बंडी, डोक्याला टोपी. पाइपचा जोड आला, की आबा त्याच्या शेजारी जाऊन उभे राहायचे. टोपी सरळ करायचे, हात मांड्यांना लावायचे, नजर समोर, आणि हलायचे नाहीत. कॅमेरा त्यांच्यावरून सरकायचा, पुढं जायचा, परत यायचा. आबा तसेच. मग पुढच्या जोडाशी जाऊन पुन्हा तसेच ताठ. चराचा भाग आमच्यापैकी कुणी कधी पुरता बघितलाच नव्हता, त्यामुळे मला काही कळेना.

"त्यांना वाटायचं फोटो काढतोय," फौजी म्हणाले. "लय सांगितलं, आबा, हे चालतं-बोलतं हाय. पर त्यांचं आपलं तेच. खटका कवा वाजतोय म्हणून वाट बघायचे."

स्टुडिओवाले मोठ्यानं हसले. "असे लोक पाहिजेत शूटिंगला. नाहीतर हल्लीची नवरी, एक मिनिट स्थिर उभी राहत नाही."

अशा रीतीनं चर नदीपासून वर सरकत होता. प्रत्येक जोडाशी आबा, प्रत्येक जोडाशी फौजीनं फिरवलेल्या चार बाजू. पूर्वेला काय दिसतं, पश्चिमेला काय. फौजेत जसं शिकवलं तसं. त्या वेळी ते बघताना लोकांना झोप यायची. आम्ही खुर्चीच्या कडेला आलो होतो.

मग एका ठिकाणी आबा उभे राहिले, तिथं शेजारी एक जुनी विहीर दिसत होती, निम्मी दगडांनी भरलेली. कॅमेऱ्यामागून फौजीचा तरुण आवाज आला:

"आबा, हललं तरी चालतंय. फोटू न्हाई ह्यो. बोला कायतरी."

आबांनी मान न हलवता विचारलं, "काय बोलू?"

"हितं काय केलंय ते सांगा."

"हितं टी टाकलाय, तीन तोंडांचा जोड. त्येचं तिसरं तोंड सध्या बंद केलंय."

"टी कशाला?"

"खालची पट्टी मधल्याला देनार हाय. उद्या त्येला पानी लागलं तर पुन्हा चर उकरायचा व्हय?"

"आवं आबा, भाऊ तर सांगलीला नोकरीला लागला. त्यो कशाला येतोय शेतीला?"

आबांनी आता कॅमेऱ्याकडे बघितलं. "नसंना येत," ते म्हणाले. "पानी असावं." आणि पुन्हा टोपी सरळ करून ताठ उभे राहिले.

मी यजमानांकडे बघितलं नाही. पंचवीस-तीस वर्षांच्या संसारात कधी बघायचं नाही एवढं कळतं. स्टुडिओवाले म्हणाले, "आवाज जरा बारीक आहे, नंतर वाढवून देतो," आणि त्यांच्या त्या बोलण्यानं आम्हाला सगळ्यांनाच बरं वाटलं.

फौजी उठून उभेच राहिले. "वहिनी, त्योच! बंद केलेलं तोंड फुटलंय. पाणी त्या विहिरीत चाललंय. विहीर वरनं मातीनं बुजवली, आतनं सगळं दगड. म्हणून वर ओल दिसंना."

कॅसेट पुढं फिरत होती. चर संपला आणि एकदम सनई, मांडव, हिरव्या साडीतली नणंद. ते थांबवायचं का, स्टुडिओवाल्यांनी विचारलं. मी म्हटलं, नको, शेवटपर्यंत घ्या. अंतरपाटापर्यंत सगळं आत आलं, आणि कॅसेट कुठंही न अडकता संपली. मी त्या मशीनलाही नमस्कार केला.

स्टुडिओवाल्यांनी टीच्या जागेचं चित्र थांबवून मोठं केलं, आणि फौजीनं फिरवलेल्या चारी बाजूंचे वेगळे कागद छापून दिले. घ्यायचे तेवढे पैसे घेतले आणि वर म्हणाले, "पाणी लागलं की कळवा. मलापण बघायचंय." मी ते माझ्या यादीत लिहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गावाला, रानात. विहिरीची जागा आता सपाट, कुठं होती ते शेजाऱ्यांनाही नेमकं सांगता येईना. फौजींनी कागद समोर धरला. आबांच्या मागं विजेच्या डीपीचे दोन खांब दिसत होते.

"ह्या खांबाच्या रेषेत," ते म्हणाले. "मारा खड्डा."

"थांब की रं शहाण्या," थोरले म्हणाले. "डीपी हलिवलाय. रस्ता केला तवा."

फौजींनी कागद खाली घेतला. त्या एका वाक्यानं आमचा एकुलता एक खड्डा वाचला. मग आम्ही न हलणाऱ्या गोष्टी शोधल्या. एका कागदावर देवळाचं शिखर डोंगरातल्या खाचेच्या बरोबर खाली दिसत होतं. दुसऱ्यावर शेजाऱ्यांच्या जुन्या घराचा कोपरा पाण्याच्या टाकीला चिकटून दिसत होता. दोन्ही जिथं एकाच वेळी जुळतील, तिथं फौजी तेव्हा कॅमेरा घेऊन उभे होते. ते कागद घेऊन वाफ्यांमधून पुढं-मागं सरकायला लागले.

"गादीवर पाय नगं!" शेजारी ओरडले.

"न्हाई काका, सरीतनंच चाललोय."

"सरीतनं चाल, पर खाली बघून चाल. शिखर कुठं पळून जात न्हाई."

शेवटी फौजी थांबले. शिखर, खाच, कोपरा, टाकी, सगळं कागदासारखं. मग चित्रात आबा जिथं दिसतात, तिथं कुणालातरी उभं करायचं होतं. यजमानांची उंची आबांइतकीच. ते गेले. फौजी कागद डोळ्यांसमोर धरून ओरडत होते, "भाऊ, डावीकडं. आजून. एक पाऊल मागं. बास! हलू नको."

यजमान हलले नाहीत. हात आपोआप मांड्यांना लागलेले, नजर समोर. शेजारी हातातलं खुरपं खाली ठेवून बघत राहिले.

"आबाच की रं," ते हळूच म्हणाले. मग स्वतःच एका वाफ्याच्या कडेची ठिबकची नळी उचलून बाजूला केली. "हितं मारा."

कमरेएवढा खड्डा होईपर्यंत माती कोरडी होती. कुदळीचा प्रत्येक घाव पडला, की थोरल्या दिरांचे डोळे मिटायचे. मग माती ओली लागली. मग आतून खळखळ ऐकू आली, आणि पाइप दिसला. टीच्या बंद तोंडावरचं बूच उभं चिरलेलं होतं, आणि पाणी शेजारच्या दगडांत उतरत होतं. थोरल्यांनी खड्ड्यात हात घालून ती चीर चाचपली, मग बराच वेळ हात पाण्यातच ठेवला.

फिटर नवीन बूच घेऊन आला. यजमान म्हणाले, "बूच नको. वाल्व्ह बसव."

"आता शेती करतोस काय?" थोरल्यांनी विचारलं.

"आबांनी ठेवलंय. बुजवायचं कशाला?"

थोरल्यांनी एकदा खालच्या पट्टीकडे बघितलं, एकदा भावाकडे, आणि फिटरला म्हणाले, "बसव रं. चांगला बसव, पितळी."

जोड वाळायला ठेवून दुसऱ्या दिवशी मोटार सुरू केली. वरच्या रानातून थोरल्यांच्या मुलीचा फोन आला, "पाणी आलं!" एवढंच. मागून पाण्याचा आवाज येत होता, तोच आम्ही सगळे ऐकत बसलो. मी स्टुडिओवाल्यांना फोन केला. नणंदेला तिच्या लग्नाचा भाग मोबाइलवर पाठवला. तिनं लगेच फोन केला. रडत होती आणि भांडतही होती, "वैनी, किती बारीक होते गं मी! आन् त्या फौजीला सांग, चराची पाच मिनिटं कमी केली असती तर काय बिघडलं असतं?" मग म्हणाली, "आबा माझ्या मांडवात कुठं दिसतात का?" दिसत होते. वाजंत्रीवाल्यांच्या मागं, ताठ उभे, खटका वाजायची वाट बघत.

माझ्या कागदावर शेवटचं काम उरलं होतं: खड्डा बुजवणे, शेजाऱ्यांची नळी जागेवर लावणे. माणसं फावडी घेऊन आली, तेवढ्यात थोरले दीर मध्ये आले.

"थांबा. बुजवू नका अजून." मग फौजीला म्हणाले, "काढ की रं तुझा मोबाइल. शूट कर."

"काय शूट करू?" फौजींचा चेहरा अगदी सरळ होता.

"लय शहाना हाईस. खड्डा शूट कर. चारी बाजू घे. शिखर घे, टाकी घे. डीपी नगं, त्यो हलतोय."

फौजींनी मोबाइल आडवा धरला. थोरले खड्ड्याच्या काठावर वाल्व्हच्या शेजारी जाऊन उभे राहिले. टोपी सरळ केली, हात मांड्यांना लावले.

"दादा, हललं तरी चालतंय," फौजी म्हणाले. "बोला कायतरी."

थोरले हलले नाहीत.